बी विंगच्या इंटरनेट पेटीचा वीजपुरवठा रात्रभर सुरू ठेवण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती

महोदय,
स. न. वि. वि.

वीजबचतीसाठी रात्री अकरा वाजता जिन्यातले आणि गच्चीवरचे दिवे बंद करण्याच्या समितीच्या निर्णयाला माझा विरोध नाही. मात्र बी विंगच्या गच्चीवरील इंटरनेटची पेटी त्याच दिव्यांच्या लाइनवर जोडलेली असल्यामुळे वॉचमनने खटका पाडला की संपूर्ण विंगचे वायफाय बंद पडते. त्या वेळी बहुतेक मंडळी झोपलेली असल्याने याबाबत तक्रार आली नसावी.

वाराणसीच्या संकटमोचन मंदिरात हनुमान जयंतीच्या सुमारास शंभर वर्षांहून अधिक परंपरा असलेला संगीत समारोह भरतो, आणि तो आम्ही घरी थेट प्रक्षेपणातून ऐकतो. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे तो ऑनलाइनच झाला. त्या वर्षी पंडित जसराज यांनी अमेरिकेतील न्यू जर्सीहून हजेरी लावली, आणि १७ ऑगस्टला त्यांचे निधन झाले. आमच्यासारख्या, वयामुळे प्रवास न झेपणाऱ्या श्रोत्यांना त्यानंतर हे माध्यम परके राहिले नाही. अडचण एवढीच, की तिथल्या मैफली संध्याकाळी सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात, आणि आमची मैफल अकराला संपते. मागच्या खेपेस विलंबित ख्याल आटोपून गायकाने द्रुत बंदिशीचा मुखडा घेतला, आणि चित्र गोठले; तबलजीचा उचललेला हात बराच वेळ पडद्यावर तसाच होता.

रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी पाहता येईल, असे आपल्या एका समिती सदस्यांनी मला सुचवले. ते खरे असले, तरी ललित किंवा भटियार हे पहाटेचे राग दुपारच्या जेवणानंतर ऐकण्यात काय उरते, हे जाणकारांना सांगायला नको. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातही पूर्वी रात्रभर मैफली रंगत. ध्वनिक्षेपकाच्या वेळेचे बंधन आल्यापासून ती चैन जवळपास संपली. उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळी, समोर कलाकार गात असताना ऐकण्याची संधी आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे.

शेजाऱ्यांच्या झोपेची काळजी समितीला वाटणे साहजिक आहे. रात्री दहानंतर आम्ही हेडफोनवरच ऐकतो. टीव्हीच्या स्पीकरवर तानपुऱ्याचा खर्ज तसाही धड ऐकू येत नाही, त्यामुळे यात आमचा त्याग फारसा नाही. मोबाइल डेटाचा पर्यायही करून पाहिला, पण आमच्या बाजूच्या खोल्यांत रेंज टिकत नाही.

तेव्हा विनंती अशी, की या पेटीचा प्लग दिव्यांच्या लाइनवरून काढून लिफ्टच्या मशीन रूममधील कायम सुरू असलेल्या लाइनवर घेण्यास परवानगी मिळावी. पेटीला जेमतेम १५ वॅट लागतात, म्हणजे अकरा ते सहा अशा सहा रात्री मिळून एक युनिटही जळत नाही. तरीही समितीस सोसायटीवर भार नको असल्यास मी त्याचे पैसे भरेन. इलेक्ट्रिशियनची मजुरी आणि वायरचा खर्च माझ्याकडेच राहील, आणि काम सोसायटीच्या नेहमीच्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेईन. कायमची परवानगी देणे समितीस शक्य नसेल, तर निदान समारोहाच्या रात्रींपुरता तो खटका न पाडण्याची लेखी सूचना वॉचमनला द्यावी. तोंडी सांगितलेले पाळी बदलली की राहून जाते.

परवानगी मिळाल्यास गच्चीची आणि मशीन रूमची किल्ली रविवारी सकाळी कार्यालयातून देण्याची व्यवस्था व्हावी.

आपला विश्वासू,
सभासद, बी विंग