एमसीबी वाढवण्याआधी वायरीचे माप पाहा

मा. संपादक,

उन्हाळ्यात घरोघरी एसी बसतात, १६ अँपिअरची एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आपोआप बंद होणारा खटका) सारखी पडू लागते आणि तिच्या जागी सर्रास ३२ ची लावली जाते. हे थांबले पाहिजे. एमसीबी मुख्यतः भिंतीतल्या वायरीला वाचवण्यासाठी असते. पाइपातली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर साधारण २० अँपिअरपर्यंत निर्धोक चालते. तिच्यातून २८ अँपिअर वाहू लागले तर ३२ ची एमसीबी ढिम्म हलत नाही; इन्सुलेशन मात्र आतल्या आत कडक होऊन तडकते.

हिशेब सोपा आहे : वॅट भागिले २३० व्होल्ट म्हणजे अँपिअर. ३ किलोवॅटच्या गिझरला १३ अँपिअर लागतात, म्हणजे २.५ ची वायर पुरते. पण एकाच पाइपात तीन-चार सर्किटे कोंबली असतील तर उष्णता बाहेर पडत नाही. तिथे ४ चीच घ्यावी.

अंतराचा विचार तर कोणी करतच नाही. मीटर फाटकाशी आणि घर ४० मीटर आत असेल, तर ३२ अँपिअरच्या भाराला ४ च्या वायरीत सुमारे १४ व्होल्ट वाटेतच जातात, १० च्या वायरीत साडेपाच. पंप सुरू होताना दिवे मंदावतात ते अनेकदा यामुळेच.

न्यूट्रल (प्रवाहाची परतीची वायर) फेजच्याच (प्रवाह आणणाऱ्या वायरीच्याच) मापाचा हवा. ॲल्युमिनियमची सर्व्हिस केबल (खांबावरून मीटरपर्यंत येणारी) तांब्याच्या वायरीला नुसती पिळू नये, बायमेटल लग (दोन्ही धातू सुरक्षित जोडणारे टोक) वापरावा. पिळलेला सांधा हळूहळू गंजतो, तापतो आणि शेवटी जळतो.

– एक वीजतंत्री