टंचाईत टँकरला निधी मिळतो, तसाच गावाच्या नळयोजनेलाही मिळावा

माननीय पाणीपुरवठा व स्वच्छता मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

सविनय नमस्कार.

महोदय, टंचाईच्या काळात गावाची स्वतःची पाणीपुरवठा योजना कशामुळे बंद पडते, याकडे आपले लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पाऊस कमी झाला, विहीर आटली, म्हणून योजना थांबली, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र आमच्या मराठवाड्यात अनेकदा विहिरीत थोडेफार पाणी असतानाच योजना थांबते, कारण योजना चालवणाऱ्या गावच्या पाणीपुरवठा समितीजवळ ते पाणी उपसण्यापुरते पैसे उरलेले नसतात.

विहिरीची पातळी खोल गेली की तेवढेच पाणी टाकीत चढवायला पंप जास्त वेळ चालवावा लागतो. थोडा वेळ उपसा करायचा, झऱ्यांनी विहिरीत पाणी साचेपर्यंत थांबायचे आणि पुन्हा मोटर सुरू करायची, हे दिवसभर आणि पुष्कळदा रात्रीही चालते. त्यात विजेचा दाब कमी असला किंवा पंप कोरडा फिरला तर मोटर जळते. म्हणजे वीजबिल आणि मोटर भरून आणण्याचा खर्च नेमका अशा महिन्यांत वाढतो, जेव्हा खरीप हातचा गेलेला असतो, रब्बीची पेरणी झालेली नसते आणि पाणीपट्टी भरायला घराघरांत पैसा नसतो. थकबाकी साचते, वीजजोडणी तोडली जाते आणि मग त्याच गावासाठी टँकरचा प्रस्ताव तहसील कार्यालयात जातो. टँकरचा खर्च टंचाई निधीतून होतो. त्याहून कितीतरी कमी रकमेचे वीजबिल मात्र ग्रामपंचायतीच्याच माथी राहते.

शेतीपंपांच्या बाबतीत शासनाने हा विचार केलेला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हा सवलतींच्या यादीत कृषिपंपांच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट होती आणि टंचाईग्रस्त गावांतील शेतीपंपांची जोडणी खंडित करू नये, असेही म्हटले होते. शेतकऱ्याला हा आधार मिळाला, हे योग्यच झाले. परंतु त्याच शेतकऱ्याच्या घरी पिण्याचे पाणी पोहोचवणाऱ्या पंपाचा त्या यादीत उल्लेख नव्हता.

टँकर आला म्हणून समितीचे काम संपत नाही, हेही येथे सांगायला हवे. टँकर बहुतेक वेळा गावच्या विहिरीतच रिकामा होतो आणि ते पाणी पिण्याजोगे करण्याची जबाबदारी जलसुरक्षकावर, म्हणजे पाणी शुद्ध करणाऱ्या गावच्या कर्मचाऱ्यावर येते. तो बादलीत टीसीएल (ब्लिचिंग) पावडर कालवतो, चुना तळाशी बसू देतो, वरची निवळी तेवढी पाण्यात सोडतो आणि नंतर नमुना परीक्षानळीत घेऊन, त्यात ऑर्थोटोलुडिन या क्लोरीन तपासण्याच्या रसायनाचे थेंब टाकून पिवळा रंग येतो की नाही ते पाहतो. रंग आला नाही, तर त्या पाण्याने गावात गॅस्ट्रोची साथ पसरू शकते. ज्या माणसाच्या हाती सगळ्या गावाची प्रकृती आहे, त्याचे तुटपुंजे मानधन टंचाईत सर्वांत आधी थकते. मला ही गोष्ट वीजबिलाहूनही अधिक गंभीर वाटते.

गावे पाण्याचा कारभार नीट करू शकत नाहीत, असे कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. हिवरे बाजारची ग्रामसभा पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद मांडून, त्या वर्षी कोणती पिके घ्यायची हे ठरवते आणि पिण्याच्या पाण्याला पहिला मान देते. त्याआधी, १९७२ च्या दुष्काळानंतर, विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायत उभी केली, तेव्हा जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणसांच्या संख्येवर पाणी वाटण्याचा नियम शेतकऱ्यांनी पाळून दाखवला. दुसरीकडे, एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या वेळी ते आवश्यकच होते आणि यंत्रणेने ते काम झपाट्याने केले. अशी तत्परता गावच्या जळालेल्या मोटरीसाठीही दिसावी, एवढीच अपेक्षा आहे.

म्हणून माझी विनंती आहे की, दुष्काळ किंवा टंचाई जाहीर झालेल्या गावांतील नळयोजनांचे चालू वीजबिल, मोटर व पंपाची दुरुस्ती आणि जलसुरक्षकाचे मानधन हे तिन्ही खर्च टंचाई उपाययोजनांत कायमचे समाविष्ट करावेत. वीजबिलाच्या बाबतीत असा दिलासा विशेष निर्णयाने पूर्वी मिळालेला आहे. तो दर वेळी नव्याने मागावा लागू नये. त्या काळात पिण्याच्या पाण्याची जोडणी थकबाकीसाठी तोडू नये. टँकरने माणशी रोज २० लिटर पाणी देण्याचा निकष आहे, तर जल जीवन मिशनने नळाने ५५ लिटर देण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्यामुळे टँकरचा प्रस्ताव तपासताना, योजना दुरुस्त करून किंवा वीजबिल भरून सुरू होऊ शकते का, याची नोंद अधिकाऱ्यांच्या संयुक्त पाहणीत सक्तीची करावी. दुरुस्तीचा किरकोळ खर्च मंजूर करण्याचा अधिकार ग्रामसभेला द्यावा आणि तिने झालेल्या खर्चाचा हिशेब गावासमोर वाचून दाखवावा.

टंचाई आराखड्यांची तयारी ऑक्टोबरपासून सुरू होते. त्याआधी हा शासन निर्णय निघाला, तर येत्या उन्हाळ्यात त्याचा उपयोग होईल.

आपला विश्वासू,
मराठवाड्यातील एका गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीचा सदस्य