ओट्यापाशी पंखा नाही

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

काल सकाळी सुखरूप पोचले. आईने बांधून दिलेल्या पोळ्या आणि कैरीचा तक्कू बडनेरा यायच्या आतच फस्त झाला, तेव्हा माझ्या जेवणाची काळजी नको. फोन न करता लिहिते आहे, कारण फोनवर आई नुसतं "हो गं, हो" म्हणते आणि बाबा मध्येच आजचं तापमान सांगायला लागतात.

आई, मंगळवारी पावणेबाराला पोळ्या करताना तू ओटा धरून उभी राहिलीस, ते मी पाहिलं. "काही नाही, जरा घेरी आल्यासारखं होऊन राहिलं," म्हणालीस आणि पुढची पोळी तव्यावर टाकलीस. मी पंखा लावायला गेले तर ओरडलीस, गॅस विझतो म्हणून. विझतोच, खोटं नाही. कूलर हॉलमध्ये, त्याची सगळी हवा बाबांच्या खुर्चीवर, आणि ज्या चार फुटांत आग पेटलेली आहे तिथे वाऱ्याची झुळूकही नाही. बाहेर ४५ होते, तव्यापाशी किती होते ते बाबांच्या मोबाइलमध्ये दिसत नाही.

तापमानाचं निघालंच आहे तर, बाबा, नागपुरात रामदासपेठेतल्या हवामानाच्या यंत्राने २०२४ च्या मे महिन्यात ५६ अंश दाखवले होते ते तुम्ही अजून पाहुण्यांना सांगता. ते यंत्रच बिघडलेलं निघालं, हा भाग मात्र गाळता.

खरं तर हे पत्र जास्त तुमच्यासाठीच आहे, बाबा. ताटात तव्यावरची पोळी पडली नाही तर जेवल्यासारखं वाटत नाही, हे तुम्ही चाळीस वर्षं म्हणत आला आहात. जानेवारीत म्हणा. नवतपा, म्हणजे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, संपून पाऊस येईपर्यंत तरी सकाळी आठनंतर घरात गॅस पेटायला नको, एवढं माझं ऐका. पोळ्या सातला होतील, दुपारी त्या मऊच असतात. तुमच्या ऑफिसच्या डब्यात काय गरम पोळ्या असायच्या?

आई, आठवड्यातून तीन दिवस तरी अंबील कर. आजी करायची तशीच, नवीन काही नाही. रात्री अर्धी वाटी ज्वारीचं पीठ ताकात कालवून ठेवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून ढवळत दहा मिनिटं शिजवायचं. मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. पातेलं पाण्याच्या परातीत ठेवलं की लवकर निवतं, आणि निवलं की लगेच फ्रीजमध्ये. दुपारी त्यात ताक घालून वाटीने प्यायची, सोबत कच्चा कांदा. पोट भरतं आणि पाणीही पोटात जातं. वय वाढलं की तहानेची जाणीवच कमी होते, त्यामुळे "तहान नाही लागली" हे तुम्हा दोघांचं उत्तर मला चालणार नाही.

दहीभाताचं तू करतेस ते चुकतं, रागावू नकोस. सकाळच्या भातात दही कालवून ठेवतेस आणि जेवायच्या वेळेला तो दात आंबवणारा होतो, मग बाबा नाक मुरडतात. त्यापेक्षा मऊ भात कोमट झाला की त्यात दूध घाल, भरपूर, आणि विरजणाला एक चमचाच दही. आठला लावलंस तर आपल्या नागपूरच्या उन्हात साडेबारापर्यंत छान लागतं, ना गोड ना आंबट. वरून फोडणी नको, काकडी किसून घाल आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर. उरला तर फ्रीजमध्ये, ओट्यावर संध्याकाळपर्यंत नाही.

ज्या दिवशी काहीच करावंसं वाटणार नाही त्या दिवशी कच्चा चिवडा. मुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, बारीक कांदा, तिखट-मीठ, वरून कच्चं तेल. हे जेवण नाही असं आपल्याकडे कुणी म्हणू नये. बरोबर टरबूज आणि ग्लासभर मठ्ठा, झालं. संध्याकाळी सातूचं पीठ कालवा, पण बाबांच्या वाटीत गूळ नावापुरता. पन्ह्याचंही तेच. शुगर उन्हाळ्याची सुट्टी घेत नाही.

आणि बाबा, बीपीच्या ज्या गोळीने तुम्हाला सारखं लघवीला जावं लागतं, ती उन्हाळ्यातही तेवढीच घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने बंद करू नका. ताकात मीठ किती चालेल तेही त्याच वेळी विचारून घ्या.

कॉटन मार्केटला जायचं तर सातला जा आणि नऊच्या आत घरी या. डोक्याला दुपट्टा बांधता ते उत्तम, पण खिशातल्या कांद्याने ऊन लागत नाही यावर माझा विश्वास नाही. कांदा घरी आणा, तक्कूत पडू दे.

तक्कू मात्र तुम्ही करायचा आहे. हसू नका. याला गॅस लागतच नाही, म्हणून तुमच्यासाठी राखून ठेवलाय. दोन कडक कैऱ्या सोलून किसायच्या, एक कांदा किसून त्याचं पाणी पिळून टाकायचं, तिखट, मीठ, चवीपुरता गूळ. मेथी-मोहरीची फोडणी आई सकाळीच वाटीत काढून ठेवेल, ती गार झालेली ओतायची. पहिल्या दिवशी बोटं किसली जातील, मग सवय होते. सकाळची पोळी, त्यात हा तक्कू घालून गुंडाळी, एवढं बाराला आईच्या हातात द्या, ती कूलरसमोर बसलेली असताना.

किसणी ओट्याखालच्या दुसऱ्या खणात आहे, पोळपाटाच्या मागे. आईला विचारायला जाऊ नका, ती उठून स्वतःच किसायला बसेल.

तुमची,
बबी