एका सेकंदाची चूक

डेल्फ्ट, रविवार

ती. बाबांना सा. न.

परवा आईने फोनवर विचारलं, चेहरा का उतरलाय, आणि मी 'काही नाही' म्हणून मोकळी झाले. खरं तर तीन आठवडे चार रेडिओंनी जीव खाल्ला होता. आता सुटलं, म्हणून लिहिते.

हे रेडिओ म्हणजे बटणं नसलेले डबे. लाटेचे आकडे करून देतात, बाकी सगळं सॉफ्टवेअर बघतं. चौघांच्या अँटेना सहा-सहा सेंटिमीटरवर ओळीत. लाट कोणाला किती आधी लागली, त्यावरून दिशा काढायची. प्रत्येकाचं क्रिस्टल, म्हणजे आतलं घड्याळ, वेगळं. दहा लाखांत एकाचा फरक पडला तरी 2.4 गिगाहर्ट्झवर सेकंदाला 2400 फेऱ्या चुकतात. म्हणून गच्चीवरच्या जीपीएस अँटेनाला जोडलेल्या एकाच घड्याळातून प्रत्येकाला दोन तारा: एकीवर 10 मेगाहर्ट्झ, वेगासाठी, दुसरीवर सेकंदाला एक टोला.

तरी दिशा कधी बरोबर, कधी भलतीच. विहिरीची मोटर अडली की तुम्ही आधी वायर बघता, तशी मीही बघितली. एक तार मीटरभर लांब निघाली, म्हणजे सिग्नल साधारण 5 नॅनोसेकंद उशिरा. सगळ्या सारख्या केल्या. फरक शून्य!

खोड माझ्याच प्रोग्रॅममध्ये होती. 'पुढच्या टोल्याला शून्य धरा' हे मी चौघांना एकामागून एक सांगत होते. कधीतरी तिघांना सांगून होई आणि चौथ्याला सांगायच्या आत टोला पडे. तो बिचारा अख्खा सेकंद मागे. आता एक टोला पडू देते, लगेच चौघांना सांगते, मग प्रत्येकाची वेळ वाचून बघते.

एवढ्यानेही भागत नाही. डबे बंद-चालू केले की प्रत्येकाचा फेज, म्हणजे लाट फेरीत कुठे आहे ते, पुन्हा वेगळाच. म्हणून रोज सकाळी एकच सिग्नल चौघांत वाटून फरक मोजायचा आणि वजा करायचा. सातवीत तुम्ही 28 फेब्रुवारीला खोडदची रेडिओ दुर्बीण दाखवली होती, आठवतं? तिथे 45 मीटरच्या 30 अँटेना, पसारा 25 किलोमीटरचा, आणि ताळमेळ फायबरवरून. तेव्हा माझं लक्ष भेळेकडे होतं.

आणखी एक. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात. माझा पाचचा फोन तुम्हाला साडेआठला येतो, तो साडेनऊला येईल. तुम्ही तर नऊला आडवे होता. तेव्हापासून मी चारला करेन.

आईला नमस्कार.

तुमची,
मनू