अगदी ओरिजिनलसारखं

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला कव्हर गाण्यांवरचा (म्हणजे एकाचं गाणं दुसऱ्याने पुन्हा म्हणण्यावरचा) लेख वाचला. मूळ गाण्यापुढे कव्हर जाऊ शकतं का, या प्रश्नाचं उत्तर त्यात जवळपास 'नाही' असंच होतं. मी बावीस वर्षं ऑर्केस्ट्रात की-बोर्ड वाजवतो. दुसऱ्यांच्या गाण्यांवरच पोट आहे म्हणा ना. कार्यक्रम संपला की हमखास कुणीतरी पाठ थोपटतं, "अगदी ओरिजिनलसारखं वाजवलंत हो!" दाद मनापासूनची असते, पण मला ती टोचते. तंतोतंत वाजवलेलं गाणं पुढे जाणार तरी कसं?

अमेरिकन गायिका अरेथा फ्रँकलिनचं 'रिस्पेक्ट' घ्या. गाणं मूळचं गायक ओटिस रेडिंगचं, १९६५ चं, आणि तेही झकासच आहे. त्यातला पुरुष म्हणतो, मी नसताना हवं तशी वाग, पण घरी आलो की मला मान दे. दोन वर्षांनी अरेथाने तेच गाणं बाईच्या तोंडी दिलं आणि ती ओळच फिरवली : तू नसताना मी वावगं वागणार नाही, मान मात्र हवा. आज ते गाणं म्हटलं की आर-ई-एस-पी-ई-सी-टी ही अक्षरं आठवतात ना? ती ओटिसच्या गाण्यात नाहीतच. मागून अरेथाच्या बहिणी जो झपाट्याचा कोरस देतात, तोही नाही. आणि मधला सॅक्सोफोन! मूळ गाण्यात ती जागाच नाही. कॉर्ड्स अचानक दूरच्या पट्टीत जातात, सॅक्सोफोनवाला किंग कर्टिस आपलं वाजवून घेतो आणि गाणं जणू काही झालंच नाही अशा थाटात घरी परततं. पहिल्यांदा बसवताना तिथे माझी बोटं चक्क चुकली होती.

याला मी नुसतं 'गायन' म्हणत नाही, हे रचणं आहे. तरी गीतकार-संगीतकार म्हणून नाव एकट्या ओटिसचं. अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं लागलं की मानधन लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला मिळतं, गाणाऱ्याला नाही. म्हणजे ती अक्षरं रेडिओवर हजारो वेळा वाजली आणि त्यापायी अरेथाच्या हाती काही पडलं नाही. ओटिसला मिळालं ते योग्यच, त्याबद्दल तक्रार नाही. पण मूळ गाण्याचं सोवळं फार पाळलं की हे असं होतं.

उलटही आहे. व्हिटनी ह्यूस्टनचं १९९२ चं 'आय विल ऑलवेज लव्ह यू' अमेरिकेत १४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. तरी माझं मत ते मुळात लिहिणाऱ्या-गाणाऱ्या डॉली पार्टनला. डॉली त्यातलं एक कडवं गातच नाही, नुसतं बोलते. निरोप घेताना माणूस असाच बोलतो. व्हिटनीचा आवाज थक्क करतो, पण तिथे निरोपापेक्षा आवाजच जास्त ऐकू येतो. (घरात या मतावरून माझ्याशी कुणी बोलत नाही.) आणि 'हर्ट'? तिशीच्या आतल्या रॉक गायक ट्रेंट रेझनरने लिहिलेले शब्द जवळपास जसेच्या तसे ठेवून सत्तरीच्या कंट्री गायक जॉनी कॅशने २००२ मध्ये म्हटले. आवाज थरथरतो, फाटतो. त्याने तो सावरलेला नाही, म्हणून ते गाणं त्याचं झालं.

तेव्हा विनंती एवढीच, की अशा गाण्यांबद्दल छापताना दोन्ही नावं द्या आणि नव्या गायकाने नेमकं काय बदललं तेही एका ओळीत लिहा. 'टेंटेड लव्ह' हे गाणं सॉफ्ट सेल या ब्रिटिश जोडीचं म्हणून ठाऊक असलेल्यांना त्याआधी १९६५ मध्ये ते ग्लोरिया जोन्सने गायलंय, हेही त्यातून कळेल.

जाता जाता एक. मध्यंतरी आमच्या गायिकेने एक नाचतं गाणं दोन पट्ट्या खाली आणून, ठेका काढून, फक्त की-बोर्डवर म्हटलं. सभागृह गप्प झालं होतं. नंतर आयोजकांनी आम्हाला बाजूला घेतलं : लोकांना रेकॉर्डसारखंच हवं असतं, पुन्हा असं नको. पुढच्या कार्यक्रमात तिला तेच गाणं तसंच म्हणायचंय. कॉर्ड्स लिहून ठेवल्यात. आयोजकांना अजून सांगितलेलं नाही.

आपला,
एक की-बोर्डवादक