मॅडम, ती लाल बाटली आठवते का?

आदरणीय मॅडम,

तुमच्या निरोप समारंभात मला बोलायला उभं केलं आणि चार धड वाक्यंही निघाली नाहीत. म्हणून हे पत्र. उघडं लिहितेय, कारण खासगीत पाठवलं असतं तर शुद्धलेखनावर लाल रेघा मारून तुम्ही परत केलं असतं.

माझं पीएचडीचं दुसरं वर्ष होतं. एमसीएफ-७ पेशी, म्हणजे स्तनाच्या कर्करोगातून आलेल्या, इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन मिळालं की भराभर वाढणाऱ्या. त्यांच्यावर प्लास्टिकमधली रसायनं तपासायची होती. तीन आठवडे राबून प्लेट काढल्या, तर कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या प्लेटमध्ये, काहीही टाकलेलं नसताना पेशी मजेत वाढलेल्या. मी सगळं ऑटोक्लेव्हच्या, म्हणजे निर्जंतुक करून फेकायच्या, पिशवीत कोंबून निघाले होते. तुम्ही दारातच अडवलंत. "थांब. मीडियम कोणतं वापरलंस?"

रंगहीन मीडियम (पेशी ज्यात वाढवतात तो द्रव) संपलं होतं, म्हणून मी शेजारच्या टेबलावरची नेहमीची लालसर बाटली उचलली होती. तो लाल रंग फिनॉल रेडचा, आम्लता कळावी म्हणून घातलेला. त्याच्याबरोबर येणारी अशुद्धी इस्ट्रोजेनसारखी वागते, हे मला तेव्हा कुठे ठाऊक? मी मीडियममध्ये घालायचं सीरम (रक्तातला द्रव) कोळशातून काढून हॉर्मोनमुक्त करत बसले होते आणि मागच्या दाराने स्वतःच हॉर्मोनची नक्कल आत सोडत होते.

तुम्ही रागावला नाहीत. वही पुढे सरकवलीत आणि म्हणालात, "लिही. तारीख घाल, बाटलीचा लॉट नंबर घाल." मग तिथेच स्टुलावर बसून आना सोटो आणि कार्लोस सोननशाइन या शास्त्रज्ञांची हकिकत सांगितलीत. १९८०च्या दशकाच्या अखेरीस टफ्ट्स विद्यापीठात त्यांच्याही पेशी कारण नसताना वाढू लागल्या होत्या. एकेक गोष्ट बदलून पाहताना दोष निघाला प्लास्टिकच्या नळ्यांचा, त्यातून झिरपणाऱ्या, इस्ट्रोजेनसारखं वागणाऱ्या नोनिलफिनॉलचा. संशोधक पॅट्रिशिया हंट यांचे उंदीरही त्याच दिवशी कळले. १९९८ साली पॉलिकार्बोनेट प्लास्टिकचे पिंजरे चुकून भलत्याच डिटर्जंटने धुतले गेले, त्यातून बिस्फिनॉल ए हे इस्ट्रोजेनसारखं वागणारं रसायन सुटलं आणि माद्यांच्या अंडपेशींमधला गुणसूत्रांचा घोळ १-२ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. त्यांच्या जागी मी असते तर प्लेटही फेकल्या असत्या आणि उंदीरही.

आता तुमच्या पेपरांबद्दल. अशा रसायनांची मात्रा वाढवली की परिणाम कधी कधी उलट कमी होतो, असं त्यात असायचं. ते परत यायचे, आणि शेरा ठरलेला असायचा: मात्रा वाढवल्यावर परिणाम कमी कसा होईल? विषशास्त्राची सगळी शिकवणच ती, मात्रा जास्त तर विष जास्त. तुम्ही शांतपणे उत्तर लिहायचात की हॉर्मोन मुळात अगदी सूक्ष्म प्रमाणात काम करतं आणि मात्रा फार वाढली की पेशी आपले रिसेप्टर, म्हणजे हॉर्मोन पकडणारे रेणू, कमी करते. पण या वक्र आलेखांवर आजही वाद आहे, हे तुम्ही आमच्यापासून कधी लपवलं नाहीत. उलट विरुद्ध बाजूचे पेपर आधी हातात द्यायचात. (त्या दिवसांत मला याचा वैताग यायचा, हे आता कबूल करते.)

डीईएसवरचं तुमचं व्याख्यान मी दरवर्षी ऐकलं. गर्भपात टळावा म्हणून गरोदर बायकांना दिलेलं कृत्रिम इस्ट्रोजेन. १९७१ साली डॉक्टर हर्बस्ट आणि सहकाऱ्यांनी योनीमार्गाचा दुर्मीळ कर्करोग झालेल्या आठ तरुणींची नोंद केली. त्यांतल्या सात जणींच्या आयांनी गरोदरपणात ते औषध घेतलेलं होतं. इथे तुम्ही दर वेळी खडू खाली ठेवायचात आणि वर्ग शांत होईपर्यंत काही बोलायचा नाहीत.

आज माझ्या प्रयोगशाळेत नवीन मुलं येतात तेव्हा पहिल्या दिवशी मी त्यांना प्लेट दाखवत नाही. नळी कुठली, टोपण कुठलं, पाणी कशात साठवलंय, ते वहीत लिहायला लावते. ती कंटाळतात.

एप्रिल २०२३मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने बिस्फिनॉल एची सुरक्षित दैनंदिन मर्यादा शरीराच्या दर किलोमागे ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर आणली, म्हणजे वीस हजार पटींनी खाली. मी तुम्हाला अभिनंदनाचा लांबलचक मेसेज पाठवला. तुमचं उत्तर आलं: "पाहिलं. तू आकडा लिहिलास, एकक लिहायला विसरलीस."

तुमची,
लाल बाटलीवाली