विषय: डॉगफिशच्या सहा किटमध्ये कॅटफिशचा खालचा भाग आल्याबाबत

व्यवस्थापक,

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेला पाचवा फोन केला. सहावा करणार नाही, म्हणून हे पत्र.

तुमच्याकडून ओओ या मॉडेल-रेल्वेच्या मापातल्या डॉगफिशची, म्हणजे रुळांवर खडी टाकणाऱ्या ब्रिटिश वाघिणीची, सहा किट घेतली, एकेक 3,400 रुपयांना. खोक्यावर डॉगफिश, बिलावर डॉगफिश, सूचनापत्रावरही डॉगफिश. वरची पेटी आहेही तिचीच. पण खालचा सगळा भाग कॅटफिश या दुसऱ्याच वाघिणीचा निघाला. मधोमध खडी सोडायचा एकच च्यूट, वाघिणीच्या टोकाच्या प्लॅटफॉर्मवर लावायला च्यूट उघडणारं एकच हँडव्हील.

या दोन वाघिणींमधला फरक तुम्हाला मी सांगावा लागू नये. ब्रिटिश रेल्वेची कॅटफिश 19 टनांची, खडी फक्त रुळांच्या मधे सोडणारी. डॉगफिश 24 टनांची, तिला तीन च्यूट. एक मधला आणि दोन्ही बाजूंना एकेक, म्हणजे रुळांच्या बाहेरच्या खांद्यांवरही खडी पडते. प्लॅटफॉर्मवर उभं राहून माणूस तीन हँडव्हीलांनी ठरवतो, खडी कुठे सोडायची. तीन हँडव्हीलं. तुमच्या पाकिटात एक.

पहिलं किट मी जोडायला घेतलं होतं. चाकांचे आस धरणारे डब्ल्यू-आयर्न काटकोनात बसवले, पितळी बेअरिंगं घातली, चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर 14.5 मिलिमीटर मोजून घेतलं, शिसं भरून वजन 50 ग्रॅमवर आणलं. मग हँडव्हीलं शोधली. एकच सापडलं तेव्हा वाटलं, माझ्याच हातून दोन पडली. टेबलाखाली बॅटरी घेऊन गुडघ्यांवर बसलो, केराची पिशवी उपसली. दोन तासांनी दुसरं खोकं उघडलं, मग तिसरं. सहाही तशीच.

आता कालच्या फोनबद्दल. आधीचे चार फोन "वरिष्ठांना कळवतो" इथेच संपले होते. काल बोलणाऱ्या मुलाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "काका, पण तो भाग खालचा आहे ना? खालून कोण बघतं?"

मी म्हटलं, "अरे, ही खडीची वाघीण आहे. हिचं कामच खालून होतं."

"हो, पण मॉडेलमध्ये खरी खडी थोडीच सोडायची आहे?"

मी म्हटलं, मी बघतो. माझा मॉडेल रेल्वेचा लेआउट डोळ्यांच्या उंचीवर आहे, जमिनीपासून साडेचार फुटांवर. चाकांच्या मधून पलीकडचा उजेड दिसतो, आणि बाजूचे च्यूट नसतील तर तिथे भगदाड दिसतं. त्यावर तो शांतपणे म्हणाला, "मग लेआउट थोडा खाली घ्या ना, काका." आणि विचारलं, "अजून काही मदत हवी आहे का?"

अजून? आधी कुठली केली होती?

मध्य रेल्वेत पीडब्ल्यूआय, म्हणजे रुळांच्या देखभालीचा निरीक्षक, म्हणून माझी एकतीस वर्षं गेली, त्यातली नऊ घाटात. पावसाळ्यात स्लीपरच्या टोकाकडची खडी सरकली की गँगच्या लोकांबरोबर रात्रभर उभा राहिलो आहे. खांद्यावर खडी नसली तर उन्हाळ्यात रूळ बाजूला वाकतो, हे मला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. म्हणूनच या वाघिणी मला प्रिय आहेत. प्रवासी डबे सगळेच करतात. खडी टाकणाऱ्या, स्लीपर वाहणाऱ्या गाड्या कुणी मनापासून करत नाही. तुम्ही करत होता.

तुमचं ग्रॅम्पस वाघिणीचं किट मी तीन वर्षांपूर्वी बांधलं. बाजूच्या फळ्या पडत्या, टोकं काढता येणारी, बिजागऱ्या एकेक मोजून केलेल्या. तुमची शार्क ब्रेक व्हॅनही माझ्याकडे आहे. तिच्या दोन्ही टोकांखालचा, खडी सपाट करणारा नांगर इतका नीट होता की मी तो रंगवायच्या आधी शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. तो नांगरही खालचाच भाग होता. तेव्हा तुमच्याकडे कुणीतरी खालून बघत होतं. तो माणूस आता कुठे गेला?

सहा डॉगफिश आणि मागे शार्क अशी गाडी मला पूर्ण करायची आहे. पंधरा दिवसांत तीन च्यूट आणि तीन हँडव्हीलं असलेले खालचे भाग सहाही किटसाठी पाठवा, नाहीतर 20,400 रुपये परत करा. "पुढच्या बॅचमध्ये बघू" हे उत्तर चालणार नाही. ते मी दोनदा ऐकलं आहे. मुदत संपल्यावर ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो, त्यामुळे पुण्याबाहेर मला कुठेही जावं लागणार नाही.

बिलाची प्रत आणि सहाही पाकिटांचे फोटो जोडले आहेत. शेवटचा फोटो जोडलेल्या वाघिणीचा आहे, मुद्दाम खालून काढलेला. पैसे परत देणार असाल तर "जोडलेलं किट परत घेत नाही" असं सांगू नका. चूक काय आहे ते जोडल्याशिवाय कळणारच नव्हतं.

आपला,
एक जुना ग्राहक, पुणे